वाचकांचे प्रश्न : कुंपणातला शिंपी आणि त्याचा शेजारी

प्रश्न : आमच्या घरामागे मेंदीचे कुंपण, दोन जास्वंदी आणि लिंबाचे झाड आहे. पाऊस सुरू झाल्यापासून तेथे शेपटी उभारून फिरणारे दोन चिमुकले पक्षी दिसतात; एकाचा माथा विटकरी, दुसऱ्याचा राखाडी. जास्वंदीची पाने शिवलेली आढळल्याने ही शिंप्याची नर-मादी असावी असे मी ठरवले, परंतु दोघांचे आवाज अगदी निराळे आहेत. मोबाईलवरील ॲपही कधी एक, तर कधी दुसरेच नाव दाखवते. नक्की काय समजावे?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ॲपला दोष देऊ नये, आपल्या कुंपणात दोन जातींचे पक्षी शेजारी म्हणून नांदत आहेत. विटकरी माथ्याचा तो शिंपी आणि राखाडी माथ्याचा तो राखी वटवट्या. शिंप्याच्या नराचा आणि मादीचा माथा सारखाच विटकरी असतो; विणीच्या हंगामात नराच्या शेपटीतील मधली दोन पिसे लांब वाढतात, एवढाच काय तो डोळ्यांत भरणारा फरक.

दाट पाल्यात माथा क्षणभरच दिसतो, त्यामुळे पाठ आणि पोट यांचे रंग एकत्र पाहण्याची सवय लावणे अधिक उपयोगाचे ठरते. शिंप्याची पाठ शेवाळी हिरवी व पोट मळकट पांढरे असते, तर वटवट्याची पाठ राखेच्या रंगाची आणि पोटाकडे, विशेषतः कुशीला, फिकट तांबूस झाक असते. वटवट्याचा डोळा तांबडा असतो आणि शेपटीच्या पिसांच्या टोकांशी काळा ठिपका व त्यापुढे पांढुरकी कड दिसते. मात्र हिवाळ्यात हाच वटवट्या तपकिरी पडतो, त्याच्या डोळ्यावर बारीक पांढरी भुवई उमटते आणि शेपटीही लांबते, म्हणून जुलैत पाठ केलेली खूण डिसेंबरात जशीच्या तशी लागू करू नये.

आवाजाच्या बाबतीत केवळ गोडवा किंवा कर्कशपणा न पाहता पुनरावृत्तीची घडण ऐकावी. शिंपी ‘टुविट्-टुविट्-टुविट्’ असा एकच खणखणीत बोल ठोक्यासारखा म्हणत राहतो, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने तो आवाज इतका मोठा असतो की नवखा माणूस झाडावर भलताच मोठा पक्षी शोधू लागतो. गाताना त्याचा गळा फुगतो आणि मानेच्या बाजूस एरवी झाकलेला काळसर पट्टा उघडा पडतो. राखी वटवट्याचे बोल अधिक बारीक व घाईचे असतात. कानाला ‘जिमी-जिमी-जिमी’ असे काहीसे ऐकू येते. त्याची खरी ओळख मात्र निराळीच आहे : दचकून एका झुडपातून दुसऱ्यात जाताना तो ‘कट्-कट्’ असा, विजेची ठिणगी उडावी तसा, कोरडा आवाज करतो. हा आवाज ऐकलात की शिंप्याचे नाव बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

शिवलेल्या पानांवरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा झाला. पाने शिवण्याची कला शिंप्याच्या नावावर जमा असली, तरी राखी वटवट्याही रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याने व तंतूंनी जोडून घरटे करतो. अंड्यांवरून उलगडा सहज होईल, कारण वटवट्याची अंडी चकचकीत विटकरी असतात आणि शिंप्याची फिक्या रंगावर ठिपके असलेली. परंतु त्यासाठी पाने उलगडून पाहू नयेत, ही आग्रहाची विनंती. त्यापेक्षा दूर बसून घरट्यात चारा घेऊन कोण शिरतो ते पाहावे. मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणण्याचा मोहही विणीच्या काळात टाळावा. बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून पिलांना सोडून धावत येतो.

गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या बाजूला उंच गवतात गेलात, तर साधा वटवट्याही भेटू शकेल. तो वरून मातकट आणि खालून फिकट असतो, भुवई पांढुरकी असते, आणि कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावे तशी त्याची किड्यासारखी किरकिर चालते.

प्रश्न : दयाळ आणि चिरक यांच्या माद्या ओळखताना माझा नेहमी गोंधळ होतो. सोपी खूण सांगाल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पंख पाहावा. दयाळ मादी राखाडी असली तरी तिच्या पंखावर लांब पांढरा पट्टा व शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरा रंग असतो. चिरक मादी सरसकट तपकिरी असते, पंखावर पांढरे काही नसते आणि शेपटीखाली तांबूस रंग दिसतो. दयाळ बागेतल्या झाडांच्या सावलीत रमतो, चिरक उघड्या खडकाळ जागी किंवा पडक्या भिंतींवर. उन्हाळ्यातल्या पहाटे टीव्हीच्या अँटेनावर बसून लांबलचक सुरेल शीळ घालणारा पक्षी दिसला, तर तो दयाळ नर; मादी बहुधा जवळच कुंडीखाली किडे टिपत असते.