चौघांचा रॅप ग्रुप काढतोयस, तर हे ऐकून ठेव

नाव, लोगो, हुडी हे सगळं नंतर. आधी आठवड्यातून दोनदा सायफर लावा, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करा. नव्वद बीपीएमवर (मिनिटाला नव्वद ठोके) सोळा बार (चार-चार ठोक्यांच्या सोळा ओळी) म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. तेवढ्यात श्वास कुठे घ्यायचा हेही लिहितानाच ठरवायचं.

मराठीत रॅप करणाऱ्यांची एक खोड असते, माझीही होती. क्रियापद शेवटी येतं, म्हणून प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘नाही’वर आपटते आणि आपल्याला वाटतं यमक जुळलं. क्रियापद मध्ये ढकल, शेवटी नाम ठेव, आतल्या आत यमक खेळव. पोवाडा मोठ्याने म्हणून बघ, जोर कुठे पडतो ते कळेल.

सगळ्यांनी एकाच भाषेत लिहायची गरज नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप ग्रुपमध्ये एमसी मवाली मराठीत, तर एमसी तोडफोड गुजरातीत लिहायचा. २०१९ मध्ये त्यांनी मुंबईच्या आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. तोडफोड २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला; त्याचा वेग आजही ऐक.

आता पैसे. आमचं भांडण पहिल्या मानधनावरूनच झालं, तेही फक्त चार हजारांवरून! म्हणून गाणं पूर्ण झालं त्याच रात्री शब्द कोणाचे, बीट (मागचं संगीत) कोणाची, वाटा किती, हे लिहून सह्या करा. ‘फ्री’ बीटचं लायसन्सही वाच, बऱ्याचदा ती कमाईसाठी फ्री नसते.

आणि मित्राचा व्हर्स, म्हणजे त्याचं कडवं, कच्चा वाटला तर स्टुडिओत सगळ्यांसमोर नाही, टपरीवर एकट्याला सांग.