हवेचा ब्रेक : हवेने लागणारा की हवेने सुटणारा?

प्रश्न असा आला आहे : 'हेवी लायसन्सची तयारी करतोय. पुस्तकात लिहिलंय की एअर ब्रेक हवेच्या दाबाने लागतो. शिकवणारे उस्ताद मात्र बजावतात की हवा गेली की ब्रेक लागतो. यातलं खरं काय? "हवेचा ब्रेक" म्हणजे नेमकं काय समजायचं? आणि ब्रेकला "गतिरोधक" म्हटलेलं तोंडी परीक्षेत चालेल का?'

पुस्तक आणि उस्ताद, दोघंही बरोबर आहेत. ट्रकमध्ये दोन ब्रेक असतात. पुस्तक पायाच्या ब्रेकबद्दल सांगतंय, उस्ताद हँडब्रेकबद्दल. घोटाळा आपल्या षष्ठीने केला आहे. 'हवेचा' एवढं म्हटलं की ब्रेकचा हवेशी संबंध आहे हे कळतं, संबंध कोणता ते कळत नाही. पुरणपोळी हा मध्यमपदलोपी समास आपल्याला अडत नाही, कारण पुरण पोळीच्या आत असतं हे लहानपणापासून ठाऊक असतं. एअर ब्रेक आपण असा आतून पाहिलेला नसतो. म्हणून शिकताना गाळलेलं पद परत घालून बोलावं : पायाचा तो 'हवेने लागणारा' ब्रेक, हाताचा तो 'हवेने सुटणारा'.

पायाच्या ब्रेकचं काम असं चालतं. इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, साधारण आठ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक). पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते, तिथला दांडा पुढे सरकतो, त्याला जोडलेला स्लॅक ॲडजस्टर (दांड्याची ढिलाई कमी-जास्त करता येणारा दुवा, थोडक्यात 'स्लॅक') फिरतो आणि ब्रेक शू, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबले जातात. हवा नळीतून पोचायला थोडा वेळ लागतो. तो अर्धा सेकंद धरला, तरी ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात सुमारे आठ मीटर पुढे गेलेली असते. 'ब्रेक दाबला' आणि 'ब्रेक लागला' ही दोन क्रियापदं आपण एकाच अर्थाने वापरतो. ट्रकमध्ये त्यांच्यात हे आठ मीटर आहेत.

हँडब्रेकची गोष्ट उलटी. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक दणकट स्प्रिंग असते आणि ब्रेक लावते ती. हवा तिला दाबून धरते, म्हणून गाडी मोकळी चालते. उभ्या गाडीचा हँडब्रेक लावताना जो फुस्स आवाज येतो, तो हवा बाहेर पडल्याचा. म्हणजे इथे 'हवा सोडली' याचा अर्थ 'ब्रेक लावला' असा होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर 'हवा भरू दे, मग काढ' असं म्हणतात तेही याचसाठी. जुन्या गाड्यांत मात्र अशी स्प्रिंग असेलच असं नाही, तेव्हा परीक्षेला ज्या गाडीवर जाणार तिचे चेंबर आधी पाहून घ्या.

ही उलटापालट रेल्वेत आधी झाली होती. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये आणलेला हवेचा ब्रेक नळीत दाब आला की लागायचा. नळी तुटली की ब्रेक गेला. थोड्याच वर्षांत त्याने रचना फिरवली : प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी ठेवली, आणि मुख्य नळीतला दाब उतरला की त्या टाकीतल्या हवेने ब्रेक लागेल असं केलं. स्प्रिंग तिथे नव्हती, पण 'दाब गेला की गाडी थांबली पाहिजे' हे तत्त्व तेच.

'हवा' या शब्दाचा आणखी एक फसवा उपयोग आहे. कारच्या गॅरेजात 'ब्रेकमध्ये हवा धरलीय, काढावी लागेल' असं म्हणतात. तिथे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि नळीत शिरलेली हवा हा बिघाड असतो. पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप मारला की जरा कडक होतं. ट्रकमध्ये हवा हेच भांडवल. तिथे पंप मारत राहिलात तर दर वेळी हवा खर्च होते आणि दाबाचा काटा खाली येतो. ट्रकच्या टाकीतून काढायचं असतं ते साचलेलं पाणी. कार चालवून मग हेवीकडे वळणाऱ्यांनी हा फरक पक्का करावा, कारण पायाची सवय शब्दाबरोबर येते.

आता 'ब्रेक फेल'. मला हा शब्दप्रयोग खरोखर खटकतो. तीन वेगळ्या गोष्टी तो एका गाठोड्यात बांधतो. हवा संपणं ही एक. स्लॅक ढिला राहिल्याने दांड्याची धाव संपणं आणि शू ड्रमवर नीट न बसणं ही दुसरी. आणि तिसरी, घाटात सर्वांत जास्त घात करणारी : ड्रम तापणं. बोरघाटात किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार शूंवर येतो. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणजे खर्च चालू आणि भरणा बंद.

मग 'हवा गेली की ब्रेक लागतो' हे वाक्य तिथे का वाचवत नाही? कारण स्प्रिंगही तेच शू त्याच ड्रमवर दाबते. ड्रम तापून शूंची पकड गेली असेल, तर हवा दाबो की स्प्रिंग, फरक पडत नाही. उस्तादांचं वाक्य उभ्या गाडीसाठी पुरेसं आहे. उतारावर ते अर्धं आहे. 'ब्रेक तापले', 'हवा उतरली', 'स्लॅक ढिला आहे' असं वेगवेगळं बोलायची सवय लावा. प्रत्येकाचा उपाय वेगळा : पहिल्याला उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा), दुसऱ्याला हवा कमी झाल्याचा बझर वाजताच गाडी सुरक्षित जागी थांबवणं, तिसऱ्याला निघण्यापूर्वीची तपासणी.

'गतिरोधक' म्हणाल तर परीक्षकाच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा उंचवटा येईल; मराठीत तो शब्द आता तिथे स्थिरावला आहे. 'ब्रेक'च म्हणा. फक्त कोणता ते सांगा, पायाचा की हाताचा.