सोड्याचं वजन काढण्याआधी कोष्टकातला आकडा कशाचा आहे ते बघा

तुम्ही लिहिलंय की घरी साबण करायला खोबरेल १५० ग्रॅम, ऑलिव्ह ३०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम घेतलं, सुपरफॅट (साबण न होता वडीत मुद्दाम राखलेलं तेल) ५ टक्के धरला आणि कोष्टकावरून हिशोब करून कॉस्टिक सोडा ९९ ग्रॅम टाकला. वड्या पांढऱ्या पडल्यात, कापताना भुगा होतोय, हाताला झोंबतंय, आणि अजून महिनाभर वाळवल्या तर चालतील का असं विचारताय. नाही चालणार. वापरू तर मुळीच नका, आणि कुणाचा चुकून हात लागेल अशा जागी ठेवूही नका. ९९ वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण अगदी असल्याच एका कोष्टकापायी माझ्याकडचा कपाटभर साबण वाया गेलाय.

चष्मा, हातमोजे, सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं भांडं नको, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. सरळ हिशोबाकडे येते.

तुमचे ९९ कुठून आले ते मी उलट मोजून पाहिलं. कोष्टकात प्रत्येक तेलासमोर एक ग्रॅम तेलाला किती ग्रॅम लागतं तो आकडा असतो, त्याने तेलाच्या वजनाला गुणायचं. खोबरेल १५० गुणिले ०.२५७ म्हणजे ३८.५५. ऑलिव्ह ३०० गुणिले ०.१९० म्हणजे ५७. एरंडेल ५० गुणिले ०.१८० म्हणजे ९. बेरीज १०४.५५, त्यातून ५ टक्के वजा केले की ९९.३. बरोबर जुळतं. तुमचा गुणाकार चोख आहे. पण हे तिन्ही आकडे कॉस्टिक पोटॅशचे आहेत, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे. त्याने पातळ साबण करतात. तुमच्या डब्यात आहे सोडियम हायड्रॉक्साइड.

हा घोळ होतो कारण प्रयोगशाळेत सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूची व्याख्याच पोटॅशवर बांधलेली आहे. एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं, तो तो आकडा. म्हणून तेलाच्या तपासणी अहवालात खोबरेलासमोर २५७ च्या आसपास आणि ऑलिव्हसमोर १९० च्या आसपास लिहिलेलं दिसतं. पोटॅशचा रेणुभार ५६.१, सोड्याचा ४०. काम दोघांचं सारखंच, पण सोडा वजनाला हलका, त्यामुळे तो कमी लागतो. पोटॅशच्या आकड्याला १.४०३ ने भागलं की सोड्याचा आकडा मिळतो. खोबरेल ०.१८३, ऑलिव्ह ०.१३५, एरंडेल ०.१२८.

आता तुमच्याच तेलांचा हिशोब पुन्हा मांडते. २७.४५ अधिक ४०.५ अधिक ६.४, म्हणजे ७४.३५. पाच टक्के वजा केल्यावर ७०.६ ग्रॅम. तुम्ही टाकलेत ९९. तेलांनी जास्तीत जास्त ७४ च्या आसपास सोडा खाल्ला असेल, उरलेला २५ ग्रॅम त्या वड्यांमध्ये मोकळा बसलाय. झोंबतंय ते त्यामुळे.

आणि इथे मला माझ्या मनातलं बोलायचंच आहे. माझं कोष्टक साबणाच्या एका तयार संचासोबत आलं होतं. तेलं, साचा, सोड्याचा सीलबंद डबा आणि एक गुळगुळीत छापील कागद. कागदावर रकान्याला नुसतं ‘सॅप व्हॅल्यू’ असं नाव, खाली पोटॅशचे आकडे, आणि त्याच खोक्यात डबा मात्र सोड्याचा. विक्रेत्याच्या मदत विभागाला वड्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘क्युअरिंग पूर्ण होऊ द्या,’ म्हणजे वड्या पुरत्या वाळू द्या. पुन्हा विचारलं तर पाणी कमी पडलं असेल म्हणाले. मग खोलीचं तापमान. एकानेही मला विचारलं नाही की सोडा किती ग्रॅम घेतला आणि तो आकडा कुठून काढला. हा एक प्रश्न विचारला असता तर तिथेच उलगडा झाला असता. मी त्यांच्या शब्दावर थांबले, आणि थांबले असताना त्याच कागदावरून पुढचे घाणेही करत राहिले, कारण वाळल्यावर सगळं ठीक होईल असं सांगणारी माणसं जाणकार होती. तेल गेलं, सुगंधी तेलं गेली. पण मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्यांनी कागद छापला त्यांनी माझी तक्रार आल्यावरही तो कागद एकदा उघडून पाहिला नाही.

वाळवण्याने काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही कुणाच्या असल्या उत्तरावर थांबणार नाही. पाणी उडतं, वडी कडक होते, फेस सुधारतो. अगदी थोडा सोडा शिल्लक असेल तर तो पहिल्या काही दिवसांत तेलाशी जुळून जातो. पण जुळायला तेलच उरलं नसेल तर तो कशाशी जुळणार? वरच्या थरावरचा सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी पूड होतो, आतला तसाच राहतो. महिनाभराने तीच वडी जास्त कडक होऊन तितकीच झोंबेल.

म्हणून माझा एक हट्ट आहे. मी केमिस्ट नाही, छंद म्हणून साबण करते, माझं म्हणणं पडताळून घ्या. पण सोडा वजन करण्याआधी त्याला तेलाच्या एकूण वजनाने भागून टक्केवारी काढाच. नेहमीच्या मिश्रणात ती १३ ते १५ च्या आसपास येते. नेहमीच्या साबणतेलांत सगळ्यात जास्त सोडा खातं ते खोबरेल, १८.३ टक्के. तुमचं उत्तर १९.८ टक्के आलं होतं. म्हणजे सगळं ५०० ग्रॅम खोबरेल असतं तरी ९१.५ च्या वर सोडा लागला नसता, आणि तुमच्याकडे खोबरेल एक तृतीयांशसुद्धा नाही. कोष्टक कुठलंही असो, साबणाचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर कितीही नावाजलेला असो, हा एक भागाकार अशी चूक पकडतो. कोष्टकाची परीक्षा करायला ऑलिव्हची ओळ बघा. ०.१३ च्या पुढेमागे असेल तर सोड्याचं, ०.१९ किंवा १९० असेल तर पोटॅशचं. कॅल्क्युलेटरमध्येही सोडा की पोटॅश हे निवडायचं बटण असतं, ते दर वेळी बघायचं, आधीच्या वेळचं तसंच राहिलेलं असू शकतं.

मापाबद्दलही बोलते. तेल मिलिलिटरमध्ये घेऊ नका. ५०० मिलिलिटर तेल वजनाला ४६० ग्रॅमच्या आसपास भरतं. ५०० ग्रॅम तेलासाठी काढलेला सोडा त्यात टाकलात तर ५ टक्के सुपरफॅट संपून वर ३ टक्के सोडा जास्त होतो. ‘पहिला घाणा छोटा करा’ हा सल्लाही मला पटत नाही. १०० ग्रॅम तेलाला साधारण १४ ग्रॅम सोडा लागतो. एक ग्रॅमच्या काट्यावर एका ग्रॅमची चूक झाली की ती ७ टक्के, सगळा सुपरफॅट खाऊन टाकणारी. दशांश दाखवणारा काटा नसेल तर ५०० ग्रॅमचाच घाणा बरा. तेल बदललंत तर हिशोब पहिल्यापासून. ३०० ग्रॅम ऑलिव्हला ४०.५ लागतो, तितक्याच खोबरेलाला ५४.९.

सुपरफॅटचं माझं मत: नवख्याने ५ च्या खाली जाऊ नये. सुपरफॅटसाठी कमी करायचा तो सोडा. सोडाही कमी आणि शिवाय शेवटी वरून तेल घालायचं असं दोन्हीकडून करू नका, नाहीतर वडी मऊ आणि चिकट होते. नुसत्या खोबरेलाचा साबण मात्र त्वचा फार कोरडी करतो, तिथे मी २० टक्के धरते. यावर लोकांची मतं वेगळी आहेत, मला माहीत आहे.

हातात असलेल्या वड्यांचं काय? सगळा चुरा धरून एकही तुकडा गेला नसेल तर गणिताने त्या वाचवता येतात. त्याच प्रमाणात आणखी २०० ग्रॅम तेल, म्हणजे खोबरेल ६०, ऑलिव्ह १२०, एरंडेल २० मिसळलं तर एकूण ७०० ग्रॅम तेलाला ९९ ग्रॅम सोडा होतो आणि सुपरफॅट पाच टक्क्यांच्या आसपास बसतो. वड्या किसून, थोडं पाणी घालून, मंद आचेवर स्टीलच्या भांड्यात पूर्ण एकजीव होईपर्यंत शिजवाव्या लागतील. किसतानाही चष्मा आणि हातमोजे हवेतच, ती पूड डोळ्यात जाणं वाईट. पण पहिलाच घाणा असेल तर मी हे करायला सांगणार नाही. गरम, मोकळा सोडा असलेला लगदा ढवळणं हे शिकाऊ हातांचं काम नव्हे, आणि भुगा झालेल्या वड्यांत सोडा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कुणी अनुभवी शेजारी उभं राहणार असेल तरच.

हाताला जिथे झोंबतंय तिथे वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुवा. व्हिनेगर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लाली राहिली किंवा डोळ्याला काही लागलं असेल तर डॉक्टरांकडे जा, इथे विचारत बसू नका.

नवा घाणा करण्याआधी दोन गोष्टी कळवाल का? तुमच्या कोष्टकात रकान्याच्या डोक्यावर नेमकं काय छापलंय, आणि सोड्याच्या डब्यावर शुद्धता किती टक्के लिहिली आहे. जुन्या किंवा सारख्या उघड्या राहिलेल्या डब्यातला सोडा ओल धरून कमजोर झालेला असू शकतो, तुमचा तसा आहे का तेही सांगा. मग ७०.६ तसाच ठेवायचा की थोडा बदलायचा ते बघू.