जिमला जायचं नाही, पण अंग घट्ट हवंय

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. शब्द वेगळे, प्रश्न तोच. "मॅडम, जिम मला जमणार नाही. नुसत्या डाएटवर वजन उतरेल ना? आणि उतरल्यावर अंग सैल पडायला नको, जरा टोन्ड दिसायला हवं." साताऱ्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्नही हाच होता. तिचा अनुभव सविस्तर लिहितेय, कारण तिचा दिवस आणि तिच्या घरातलं ताट आपल्यापैकी अनेकींचं आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय छत्तीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साडेअठ्ठावीसच्या आसपास. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. आपल्या लोकांत तुलनेने कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आपले आकडे इतके कडक आहेत. तिच्या आईला मधुमेह होता. ती आली होती भावाच्या लग्नात बरं दिसावं म्हणून, पण वजन उतरवण्याची गरज लग्नापुरती नव्हती.

जिम का नको, हे तिने आपणहून सांगितलं. सकाळी पावणेआठची एसटी, संध्याकाळी पाचला घरी, मग मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक. फीचाही प्रश्न होता. पण खरं कारण थोडं थांबून बाहेर आलं. "तिथे माझ्या माजी विद्यार्थिनी येतात. त्यांच्यासमोर मी हे असं अंग घेऊन उड्या मारू?" ही लाज मी कधीच हसण्यावारी नेत नाही. तिला मी तिथेच सांगितलं, "जिमशिवाय जमेल. व्यायामाशिवाय मात्र तुम्हाला हवं ते मिळणार नाही. कसं ते नंतर बघू, आधी तुमचं खाणं सांगा."

याआधी तिने स्वतःच्या मनाने कडक डाएट केलं होतं. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री मुगाचं पातळ सूप. पोळी-भात पूर्ण बंद. पहिल्याच आठवड्यात काटा तीन किलोने खाली आला आणि तिला वाटलं, सापडलं! त्या तीन किलोंत बराचसा भाग पाण्याचा होता. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की तो साठा आधी रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७७०० कॅलरी. आठवड्यात तेवढी तीन किलो चरबी जाळणं घरात राहून, नोकरी करून कुणालाही शक्य नाही. "दहा दिवसांत पाच किलो" असं छापणाऱ्या जाहिराती याच पाण्यावर चालतात, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांची किंमत या बायका मोजतात.

तिनेही मोजली. दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने हातात येऊ लागले, चेहरा ओढल्यासारखा झाला, शाळेतल्या सहकारी "बरं नाही का?" म्हणून विचारू लागल्या. अंग सैल दिसतं ही तिची तक्रार तेव्हाचीच. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. नंतर वजन परत आलं, दोन किलो जास्तच आलं, पण झिजलेले स्नायू आपोआप भरून आले नाहीत. म्हणजे काट्यावर जवळपास पूर्वीचाच आकडा आणि अंगात चरबीचा वाटा मात्र वाढलेला. टोन्ड दिसणं हे सगळं स्नायूंवर आहे. चरबीचा थर थोडा कमी आणि त्याखाली भरीव स्नायू, इतकाच त्याचा अर्थ. उपासमारीने थर जातो आणि खालचा आधारही जातो.

आहार लिहून देण्याआधी मी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६, बी-१२ कमी, थायरॉइड ठीक. पाळीत रक्तस्राव खूप होता आणि "सगळ्यांनाच होतो" म्हणून तिने तो अंगावर काढला होता. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, मग आमचं काम सुरू झालं. थकलेल्या, रक्त कमी असलेल्या बाईला "चाला, व्यायाम करा" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आठवडाभर खाल्लेला प्रत्येक घास तिने वहीत लिहिला. वही वाचताना तिच्यात हावरटपणा कुठेच दिसला नाही. दिसली ती एक बाई, जी दिवसभर जेमतेम खाते आणि संध्याकाळी कोसळते. सकाळी चहा, धावपळीत दोन बिस्किटं. दुपारच्या डब्यात दीड पोळी आणि बटाट्याची किंवा कोबीची सुकी भाजी. पाच वाजता घरी पाऊल टाकताच फरसाण, चहा, खारी. स्वयंपाक करताना चव, मुलांच्या ताटातलं उरलेलं "टाकायचं कसं" म्हणून. रात्री साडेनऊनंतर सगळ्यांचं झाल्यावर पोळी, भात, आमटी, आणि आमटीतली डाळ तोवर बहुधा संपलेली.

मी बेरीज केली. दिवसाची प्रथिनं पस्तीस ग्रॅमच्या आत. आपल्याकडच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून थोडी जास्तच. तिच्यासाठी मी साठ ते पासष्ट ग्रॅम ठरवली. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा आकडा परस्पर उचलू नये, डॉक्टरांना विचारावं.

मग तेलाचा हिशोब. "महिन्याला तेल किती लागतं?" तिला पटकन आठवलं, पाच लिटरचा डबा. घरात माणसं चार. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, त्याच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी झाल्या. पोळीला लावलेलं, फोडणीतलं, भाजीवर तरंगणारं, सगळं त्यात आलं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण स्वयंपाक तर सासूबाई करतात."

पुढच्या वेळी मी सासूबाईंना बोलावलं. त्या आल्या त्याच जरा तिरमिरीत. "आमच्या वेळी कुठे होतं हे डाएट? पोटभर खायचो आणि शेतात राबायचो." मी विचारलं, "आई, तेव्हा काय खायचात?" मग त्या सांगत गेल्या. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, घट्ट पिठलं, ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, अंबाडीची भाजी, ताक. तेल? "वर्षाकाठी घाणीचं दोन डबे, तेही मोठ्या कुटुंबाला." मला जे लिहून द्यायचं होतं त्यातलं बहुतेक त्यांनीच सांगितलं होतं. उसळ पातळ न करता घट्ट करायची आणि सुनेच्या वाटीत डाळ तळाशी राहू द्यायची, एवढं त्यांनी कबूल केलं. तेल मोजून वेगळ्या बरणीत काढायचं, महिन्याला तीन लिटरमध्ये भागवायचं, हेही. पहिल्या महिन्यात ते तीनवर आलं नाही, पण चारवर आलं.

तिचं ताट असं बदललं. सकाळी निघण्यापूर्वी दोन उकडलेली अंडी, आणि अंडी चालत नाहीत त्या वारी मुगाचं धिरडं आणि दही. हे धिरडं मुद्दाम सांगते, कारण "सकाळी वेळ नाही" याचं उत्तर त्यात आहे. सोललेली मूगडाळ रात्री भिजत घालायची, सकाळी आलं-मिरची-जिऱ्यासकट वाटायची, तव्यावर अर्धा चमचा तेलात दोन धिरडी. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. डब्यात दोन पातळ पोळ्या, मोठी वाटीभर उसळ, कोशिंबीर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शाळेतून निघताना मूठभर फुटाणे आणि एखादा पेरू. पाच वाजताचं फरसाण तिने प्रयत्नपूर्वक सोडलं नाही. चार वाजता पोटात काही असल्यामुळे ते आपोआप कमी झालं. रात्रीचं जेवण मुलांबरोबर आठला, सगळ्यांच्या शेवटी नाही. या एका गोष्टीवर घरात थोडी कुरबुर झाली. मी मात्र त्यावर अडून बसले.

उपासांचा प्रश्न वेगळा होता. सोमवार, गुरुवार, संकष्टी. तिची श्रद्धा आहे, ते सोडा म्हणायचा मला अधिकार नाही. पण उपासाच्या दिवशी ती दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खायची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप, दाण्याचं कूट, बटाटा. त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी एकदाच, वाटीभर दही, दूध, फळं, राजगिऱ्याची भाकरी. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली असली तरी शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, म्हणून कूट मुठीने नाही, चमच्याने.

आता व्यायाम. स्नायूंना भार दिल्याशिवाय ते टिकत नाहीत, हे आहाराने भरून निघत नाही. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, तेही तिला सांगितलं. ती उतरते सगळ्या अंगातून, ज्याच्या त्याच्या ठेवणीप्रमाणे. आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं, खोलीचं दार लावून. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या डोक्यावर उचलायच्या. दहा वेळा सोपं वाटू लागलं की पंधरा, तेही सोपं झालं की धाकट्या मुलाचं भरलेलं दप्तर छातीशी धरून उठाबशा. दप्तर तिलाच सुचलं, आणि त्याच्यात पुस्तकं वाढवत नेणं हा तिचा आवडता भाग झाला. उरलेल्या दिवशी बसस्टँडवरून घरी चालत.

पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला, रडवेला. "पंधरा दिवस काटा हललाच नाही. उलट अर्धा किलो वाढलं. माझ्याच्याने होणार नाही." मी पाळीची तारीख विचारली. चार दिवसांवर होती. पाळीआधी अंगात पाणी साठून किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. मग टेपने कंबर मोजायला लावली. ८९ आली, म्हणजे तीन सेंटिमीटर कमी. तिला म्हटलं, कपाटातलं जुनं ब्लाउज काढा. फोन चालू ठेवूनच तिने ते घालून बघितलं. आधी शेवटचे दोन हूक लागत नव्हते, आता एकच राहिला होता. तेव्हापासून वजन महिन्यातून दोनदाच, पाळीआधीचे दिवस सोडून करायचं ठरलं. रोज काट्यावर उभं राहणाऱ्या बायका रोज स्वतःला शिक्षा देतात, आणि शिक्षा झालेला माणूस संध्याकाळी फरसाणच्या डब्याकडेच जातो.

भावाच्या लग्नापर्यंत चार किलो उतरलं. तिला आठ हवे होते. दिवाळीत फराळाने किलोभर परत आलं आणि पुढच्या महिन्यात गेलं. सहा महिन्यांनी वजन साडेचौसष्ट, कंबर ८३, हिमोग्लोबिन ११.८. कंबर अजून ८० च्या आत नाही. दंडाखालची कातडी थोडी सैल आहे आणि दोन बाळंतपणांनंतरचं पोट फोटोतल्या मुलींसारखं होणार नाही, हे आम्ही दोघींनी स्पष्ट बोलून घेतलं आहे. पण खांदे भरलेत, पाठ ताठ झाली आहे, आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन ती न थांबता चढते. केस गळणं थांबलं. उसळ घट्ट झाल्यापासून नवऱ्याचीही ढेरी थोडी उतरली, हे सासूबाईंनी मला खास फोन करून कळवलं.

आता तिची जाऊ यायची म्हणते आहे, तिलाही महिन्यात पाच किलो हवेत. फोनवर मी तिला एवढंच सांगितलं आहे की लिंबू-मधाचं पाणी आजच थांबवा, रक्ताचे रिपोर्ट काढा आणि आठवडाभर जे खाल ते लिहून आणा, चव म्हणून घेतलेलंसुद्धा.