सगळी गाडी एकदम खोलू नका

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे आजोबांची १९७२ ची जावा २५० आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ती आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर पुसून, झाकून ठेवली ती तशीच आहे. किक खाली जात नाही. मला ती घरीच दुरुस्त करून पुन्हा चालू करायची आहे. हाताशी चाळीस हजार रुपये आहेत, तेही एकदम नाहीत. आधी सगळी गाडी सुटी करून फ्रेम पावडर कोटिंगला (पावडरीचा रंग भट्टीत भाजून बसवतात तिथे) टाकावी आणि मग सावकाश इंजिनाकडे वळावं, असा विचार आहे. बरोबर आहे का?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : हा क्रम उलटा आहे. तो आजच बदला.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथवर उभं राहून माझी उमेदीची वर्षं गेली. जुन्या गाड्यांचे ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग) आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा दांडा) घेऊन येणारी मंडळी रोज भेटायची. त्यांच्यात ज्यांची गाडी पुढे कधी रस्त्यावर आलीच नाही, त्यांची गोष्ट बहुतेक एकच असायची. नव्या रंगाची फ्रेम भिंतीला टेकून उभी, इंजिन तीन खोक्यांत, आणि कुठला वॉशर कुठे लागतो ते कोणालाच आठवत नाही. पैसे संपून कामं थांबतात तेव्हा ती पुन्हा सुरू होऊ शकतात. गाडीचे तुकडे होऊन थांबलेलं काम सहसा भंगारवाल्याकडे जातं. तुमचे पैसे हप्त्याहप्त्यानं येणार आहेत, म्हणून तर तुम्ही जास्तच सांभाळायला हवं. गाडी तिच्या चाकांवर उभी ठेवा. एक भाग काढा, तो पुरता करा, परत बसवा, मग दुसऱ्याला हात लावा.

तुमच्या बाबतीत पहिला भाग इंजिन. आता किकवर जोर करू नका. पिस्टन रिंगसकट ब्लॉकला गंजून धरलेला असणार, आणि जोर केला तर किकचे दाते जातील. प्लग काढा. गिअरबॉक्सचं ऑइल खाली सोडा. ते दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी आत गेलंय हे नक्की. प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मेनिम्मे करून ओता आणि चांगले आठ-दहा दिवस विसरून जा. मधूनमधून थोडं वाढवत राहा. मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हातानं अगदी हलकेच पुढे-मागे करा. सुटायचा असेल तर असाच सुटतो. नाही सुटला तर हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. लोखंडी सळई आत घालू नका.

पिस्टन सुटला म्हणून लगेच सुरू करायची घाई मात्र नको. पुराच्या पाण्यात गाळ असतो, आणि तो क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. वर्ष-दीड वर्ष तसंच राहिलेलं बेअरिंग धुतल्यावर हातात फिरवून बघा. करकर लागते, कारण गोळ्या फिरतात त्या पट्टीवर गंजानं बारीक खड्डे पडलेले असतात. ते नवंच घालायचं. म्हणजे इंजिन पूर्ण खोलणं आलं. केसिंगचे स्क्रू खाचेचे असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं खाच फाटते. हातोडीनं ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या आणि क्लचच्या कामासाठी जावाचं खास हत्यार कोणाकडून तरी मागून आणा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, आणि काढल्यावर चिठ्ठी घातलेली वेगळी पिशवी, एवढी शिस्त ठेवलीत तर हे काम घरी होतं.

दोन कामं घरी होत नाहीत आणि तिथे पैसे वाचवू नका. पहिलं बोअरिंग, म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कातून नव्या पिस्टनच्या मापाचा करणं. आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि तो पिस्टन दोन्ही बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भोकाचा व्यास, ६५ मिमीचा. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात, पण प्रत्यक्ष माप कंपनीगणिक किंचित वेगळं निघतं. बोअर त्या पिस्टनच्या मापानं झाला पाहिजे.

दुसरं काम क्रँकचं. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा किट बदलायला क्रँक प्रेसवर उघडावा लागतो आणि परत जोडल्यावर तो सरळ करावा लागतो. हे काम करताना तिथे उभे राहा, मी मुद्दाम सांगतो. क्रँक दोन सेंटरमध्ये धरतात, शाफ्टवर डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापक) टेकवतात आणि हातानं सावकाश फिरवतात. काटा हलतो. जिथे जास्त हलला तिथे खूण करायची, पितळी हातोडीनं एक बेताचा ठोका, परत फिरवायचं. ०.०३ मिमीच्या आत काटा आला की क्रँक झाला. अर्धा तास काटा बघत ठोकणारा कारागीर मिळाला तर तो मागेल ते पैसे द्या. डोळ्यांनीच बघून ‘झालं’ म्हणणाऱ्याकडून क्रँक परत घेऊन या. वाकडा क्रँक नवी बेअरिंग आणि सील (शाफ्टभोवतीच्या, गळती अडवणाऱ्या रबरी चकत्या) थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

सीलचं सांगायलाच हवं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये येते, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची सील हा इंजिनाचा जीव आहे. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं. पांढरा धूर निघत राहतो आणि गिअर ऑइल आपोआप कमी होतं. डायनॅमोकडचं (वीज बनते त्या बाजूचं) गेलं तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापून धरतो. सील नवीन बनावटीचं घ्या. जुन्या दुकानात पडून राहिलेला मैसूरचा पिस्टन मिळाला तर जरूर उचला, धातूला वयाचं काही होत नाही. त्याच दुकानातलं त्याच काळातलं रबर मात्र कोणी फुकट दिलं तरी घालू नका. मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, पण त्याच कारखान्याच्या येझदीचे बरेच भाग तुमच्या गाडीला चालतात, म्हणून माल अजून मिळतो. २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या जावाचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे. नाव तेच असलं तरी त्याचा काही उपयोग नाही.

पैशांचं म्हणाल तर निम्मे इंजिनाला बाजूला काढा. उरलेल्यांतून आधी ब्रेक शू, केबल, टायर, ट्यूब आणि वायरिंग. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते बघितल्याशिवाय दुकानातून टायर उचलू नका. टाकीतला गंज घरी निघतो. व्हिनेगर आणि मूठभर नट भरून दिवसभर ठेवा, अधूनमधून हलवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात कडक वाळवा आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल घालून आतून फिरवा. क्रोमवर वरवरचा गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, पुष्कळसा निघतो. पावडर कोटिंग सगळ्यात शेवटी, गाडी दोन-तीन महिने चालवून झाल्यावर. आणि नव्या बोअरवर पहिले ५०० किलोमीटर तरी गाडी जोरात पळवू नका.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी आहे. पादऱ्याजवळच्या आमच्या शेतावर दादाजींची राजदूत १७५ आहे, चालू स्थितीत. सोबत फोटो पाठवला आहे. मला ती माझ्या पद्धतीनं सजवायची आहे. टाकीवर स्वतः चित्र काढायचं आहे. मित्र म्हणतो मागची फ्रेम कापून आखूड करू आणि पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) पल्सरचा लावू. खर्च कमीत कमी व्हावा.
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : टाकीवर चित्र काढा, अगदी मनापासून काढा. फ्रेमला कटर लावू देऊ नका.

राजदूत फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवली. फोटोत तिच्या पुढच्या चाकाला धरणारे आडवे आखूड दांडे दिसतात ना, ते त्या गाडीचं ओळखपत्र आहे. तिथे दुसऱ्या गाडीचा फोर्क घातला की हँडलचा कोन आणि चाकाचं अंतर बदलतं, आणि फ्रेमचं गळ्याजवळचं वेल्डिंग ज्या ताणासाठी केलेलंच नाही तो ताण त्याच्यावर येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रंग बदललात तर तो आरसी बुकात नोंदवून घ्या.

यातूनही तुम्हाला पुष्कळ काही करता येतं. एकाच माणसाची सीट मूळ बोल्टांवर बसेल अशी शिवून घ्या. हँडल खालचं लावा. चेन कव्हर आणि हेडलाइटचा डबा वेगळ्या रंगात घ्या. जे काढून परत पहिल्यासारखं करता येईल ते सगळं करा. मूळ सीट आणि हँडल गुंडाळून माळ्यावर ठेवा. दादाजींना एक दिवस ती पूर्वीसारखी बघावीशी वाटली तर दाखवता आली पाहिजे.

आता रंग. टाकी पत्र्यापर्यंत घासा, साबणाच्या पाण्यानं धुवा, प्रायमर द्या, ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं ओला घासा. चित्र तुम्ही काढा. वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मात्र पेंटरकडून मारून घ्या, तोही हार्डनर घालून केलेला टू-के क्लिअर. साध्या स्प्रेच्या डब्यातला क्लिअर पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो, आणि चित्रासकट निघून येतो. टू-के घरी मारण्यातला धोका असा, की त्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना फार वाईट असते आणि कापडी मास्क तिला अडवत नाही. आणखी एक, हे काम दिवाळीनंतर करा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ओल्या रंगावर पांढरी झाक येते, ती मग पॉलिशनंही जात नाही.

प्रश्न : वडिलांची १९६८ ची बुलेट आहे. आरसी त्यांच्याच नावावर आणि मुदत संपलेली. वडील आता नाहीत. गाडीवर पैसे घालण्याआधी कागदांचं काय करावं? ‘व्हिंटेज’ नोंदणी करावी का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : पैसे घालण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. दरजीपुऱ्याच्या आरटीओत आधी वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ भरा. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडा. नूतनीकरणासाठी फॉर्म २५. तपासणीला गाडी न्यावी लागेल, म्हणून ब्रेक, दिवे, हॉर्न तेवढ्यापुरते आधी नीट करा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का ते स्वतः बघा. नंबरावर रंगाचे थर असतील तर थिनरनं काढा, तिथे ग्राइंडर फिरवू नका.

व्हिंटेजचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात असलेली आणि चॅसी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तशा ठिकाणीच न्यायची असेल तर व्हिंटेज जरूर करा. तुम्हाला रविवारी सकाळी वडिलांची बुलेट काढून बाजवा-छाणीपर्यंत जाऊन यायचं असेल, आणि पत्राच्या सुरावरून मला तसंच वाटतं, तर साधं नूतनीकरण करून घ्या.

प्रश्न : येझदीची फ्रेम पावडर कोटिंग करून आणली, नवं वायरिंग घातलं, नवी सहा व्होल्टची बॅटरी घातली. तरी हेडलाइट मंद आणि हॉर्न घोगरा. मेकॅनिक बारा व्होल्टचा किट घाला म्हणतो.
— एक वाचक, वाघोडिया रोड, बडोदा

उत्तर : किट घ्यायच्या आधी अर्थिंग बघा. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, आणि तुमच्या गाडीत परतीची वाट फ्रेममधूनच आहे. बॅटरीची अर्थ वायर जिथे फ्रेमला लागते तिथलं कोटिंग नाण्याएवढं खरवडून चकचकीत पत्रा काढा, थोडं ग्रीस लावून बोल्ट आवळा. तसंच हॉर्नच्या पट्टीखाली आणि इंजिनाच्या एका बोल्टखाली करा. हेडलाइटच्या डब्यातून एक जाड वायर थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणलीत तर आणखी चांगलं. एवढं करूनही दिवा मंद राहिला तर डायनॅमोचे कार्बन ब्रश काढून बघा, झिजलेले असले तर बदला, आणि ज्यावर ते घासतात तो कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. मग मला परत लिहा, आणि लिहिताना इंजिन बऱ्यापैकी रेसवर असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर किती व्होल्ट दाखवतो ते जरूर कळवा.