चेहरा नंतर, आधी वजन

बडोदे

अनेक आशीर्वाद.

दांडिया बाजारातल्या गणपतीत कळसूत्री बाहुलीचा खेळ करायचं तू मनावर घेतलंस, फार आनंद झाला. पण फोटोतल्या बाहुलीचा चेहरा रंगून तयार आणि पाय मात्र नुसते लोंबताहेत. रंग बाजूला ठेव, आधी वजन बघ.

कंबर आणि पावलं जड हवीत, हात हलके. पाय हलके राहिले की बाहुली चालत नाही, तरंगते. तळव्यात खाच करून लोखंडी वॉशर बसव आणि दोन्ही पावलं काट्यावर तोलून सारखी कर. गुडघ्याच्या सांध्यात चामड्याची पट्टी घाल. सांध्याची मागची कड तिरकी तास, पुढची सपाट ठेव, म्हणजे पाय मागेच दुमडेल.

दोऱ्या नऊ: खांद्यांना 2, डोक्याला कानांच्या वर 2, कमरेला मागून 1, हातांना 2, गुडघ्यांना 2. खांद्यांच्या दोऱ्या सर्वांत आधी बांध, सगळं वजन त्यांच्यावरच. मग डोक्याच्या: फार ताणल्यास तर मान वळणार नाही, सैल राहिल्या तर हनुवटी छातीवर पडेल. गुडघ्यांच्या सर्वांत शेवटी. तोवर सगळीकडे सुरगाठच मार, कारण दोन-तीनदा तरी सोडावं लागतंच. भाद्रपदातल्या दमट हवेत सुती दोऱ्याची लांबी बदलते. विणलेला काळा नायलॉन घे. तंगूस (मासेमारीची पारदर्शक दोरी) नको, ती दिव्यात चमकते आणि तिचा पीळ जात नाही.

पाय जमलेच नाहीत तर सरळ काढून टाक. यात कमीपणा काही नाही. राजस्थानी कठपुतळीला पायच नसतात. घागऱ्याचा घेर आणि हाताचे झटके तिला नाचवतात. जपानी बुनराकूत दोऱ्याच नसतात, तीन माणसं मिळून एक बाहुली हलवतात. शिकाऊ माणसाला आधी पाय देतात, आणि त्यातच दहा वर्षं जातात असं परंपरा सांगते. तिथेही स्त्रीपात्रांना बहुधा पाय नसतात; किमोनोचा काठ आतून हलवून चाल दाखवतात. मला तर ही चाल खऱ्या पायांच्या चालीहून देखणी वाटते. तुझ्या बाहुलीला पायघोळ परकर शिवलास की सात दोऱ्यांत भागेल.

जमलं तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला, जपली आहे. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथे बाहुलीकडे कमी, ती नाचवणाऱ्याच्या हातांकडे जास्त बघ.

खेळ संपला की दोऱ्यांना एकत्र पीळ देऊन बाहुली टांगून ठेव. पेटीत आडवी टाकलीस तर दुसऱ्या दिवसाची सकाळ गुंता सोडवण्यात जाईल.