एनपीए उतरला म्हणजे बँक सुधारली का?

सांगलीतल्या विश्रामबागच्या सदस्याने विचारलंय: भांडवल ओतून किंवा विलीनीकरण करून बँकेची कामगिरी खरंच सुधारते, की नुसते आकडे? आणि एमबीएच्या प्रोजेक्टला सांगली बँक नि युनायटेड वेस्टर्न चालतील का?

चालतील, पण दोन्ही एका दावणीला बांधू नका. युनायटेड वेस्टर्न साताऱ्याची, 1936 ची. भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल) शून्याखाली गेली, 2 सप्टेंबर 2006 ला मोरॅटोरियम, म्हणजे व्यवहारांवर बंदी, लागला, ठेवीदाराला 10,000 च्या वर काढता येईना. 3 ऑक्टोबरला बँक आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक (1916) आयसीआयसीआयने एप्रिल 2007 मध्ये घेतली, तीही मोरॅटोरियमशिवाय: सांगलीच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100. पहिली सुटका, दुसरा सौदा. दोन्हीकडे ठेवी शाबूत राहिल्या, हे आधी मान्य करू.

आता कामगिरी. इथे लोक एनपीएच्या, म्हणजे थकीत कर्जांच्या, टक्क्याला भुलतात. आयडीबीआयचंच पुढचं बघा. मे 2017 मध्ये पीसीए (कमकुवत बँकेवरचे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध) लागलं, मार्च 2018 ला ढोबळ एनपीए 28 टक्क्यांच्या घरात, जानेवारी 2019 मध्ये 51 टक्के हिस्सा एलआयसीकडे. मार्च 2021 मध्ये पीसीए उठलं तेव्हा ढोबळ एनपीए 22 टक्क्यांच्या वर होता आणि निव्वळ, म्हणजे तरतूद वजा जाता, 2 च्या आत! थकबाकी बरीचशी होती तिथेच होती, तिच्यापोटी तरतूद करून, म्हणजे बुडीत धरून रक्कम बाजूला काढून, ठेवली होती. त्या तरतुदीचा भार पेलला नव्या भांडवलाने. एकट्या 2019 च्या सप्टेंबरात सरकार आणि एलआयसीने मिळून 9,300 कोटी घालायचं ठरवलं.

म्हणून वार्षिक अहवालात एनपीएच्या चढउताराचा तक्ता शोधा. वर्षारंभीची शिल्लक, नव्याने थकलेली कर्जं, वसुली, राइट-ऑफ, सगळं तिथे मांडलेलं असतं. राइट-ऑफने आकडा उतरला असेल तर ती झाडलोट झाली. (राइट-ऑफ म्हणजे कर्ज वहीतून काढणं, कर्जमाफी नव्हे, वसुली चालूच राहते; व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवू नका.) वसुली झाली आणि नवी थकबाकी आटली, तरच सुधारणा म्हणा. कर्जवाटप फुगवलं तरी टक्का खाली येतो, कारण नवं कर्ज थकायला वेळ लागतो. त्यामुळे भांडवल ओतल्यानंतरची किंवा विलीनीकरणानंतरची निदान पाच वर्षं घ्या.

आणखी एक खड्डा. एप्रिल 2015 पूर्वी पुनर्रचित कर्ज (अडचणीतल्या कर्जदाराला अटी बदलून दिलेलं) 'स्टँडर्ड', म्हणजे न थकलेलं, दाखवायची मुभा होती. ती गेली, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेची मालमत्ता तपासणी आली आणि दडलेली थकबाकी वर आली. 2014 चा आकडा 2018 शेजारी ठेवून 'बँक बिघडली' लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल.

रेशोत न सापडणारी गोष्ट मात्र मला जास्त टोचते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) कुणाची किती हळद पडून आहे, हे गावातल्या बँकवाल्याला वेगळं विचारावं लागत नसे. सीसीची (मालाच्या तारणावरच्या कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा ठरवताना स्टॉक स्टेटमेंटबरोबर तेही हिशेबात यायचं. मोठ्या बँकेत फाइल प्रोसेसिंग सेंटरला जाते आणि तिथल्या ऑफिसरला सिबिल स्कोअर दिसतो, हळद दिसत नाही. त्यात ओळखीपाळखीची कर्जं बंद होतात हा फायदा, आणि तो लहान नाही. पण चांगला जुना व्यापारीही त्यात ताटकळतो.

प्रोजेक्टमधलं एक प्रकरण याला द्या. मार्केट यार्डात जाऊन हळदवाल्यांना विचारा, सीसी रिन्यू व्हायला पूर्वी किती दिवस लागायचे नि आता किती. गाइड नाक मुरडतील, मुरडू देत.